न आलेल्यांची यादी

माझ्याकडे सगळ्याच्या नोंदी असतात. सिलिंडर कधी लावला, पाण्याची टाकी कधी धुतली, कोणत्या भाचीला कोणत्या लग्नात कोणती साडी दिली. घरचे हसतात, आणि अडलं की मलाच विचारतात. पण एक गोष्ट मी कुठेही लिहिलेली नाही आणि कुणालाही सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. गटातल्या माणसांना तर नाहीच — त्यांच्यापासूनच लपवायची होती ना.

खरं म्हणजे तिचीही एक नोंद आहे. ती खोटी आहे, आणि माझ्या हातची आहे.

आधी गटाबद्दल सांगते. तेवढं सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. मी रावेतला राहते, चाकणला एका कंपनीत डिस्पॅचला आहे. सात वर्षांपूर्वी मी मोबाइलवर एक गट सुरू केला. काम एकच — सोबत. दवाखान्यात, पोलीस चौकीत, कोर्टात, कुठल्याही कचेरीत एकट्याने जायची भीती वाटते अशा बाईला सोबत करणारी एक बाई मिळवून द्यायची. आमच्या भागात अशा बायका खूप. बीड, लातूर, धाराशिवहून नवऱ्यामागे आलेल्या. नवरा शिफ्टला, सासर-माहेर शंभर कोसांवर, शेजारीण तीन महिन्यांत खोली बदलणारी. फॉर्म कुठे मिळतो, खिडकी कोणती, साहेबांपुढे काय बोलायचं — विचारायचं कुणाला?

गट नीट चालावा म्हणून मी नियम केले. नियम चांगले होते. आजही म्हणते, चांगलेच होते. हेल्पलाइनचे नंबर, दवाखान्यांच्या वेळा, कागदपत्रांच्या याद्या हे सगळं तपासल्याशिवाय टाकायचं नाही. ज्या बाईला सोबत हवी तिचं नाव बोर्डावर. बोर्ड म्हणजे गटाच्या माथ्यावर रोज लावलेला एक संदेश. सोबत करणारी ठरली की त्या नावापुढे हिरवी खूण. मग त्या बाईने ठरल्या वेळी गेटवर यायचं आणि पिवळी फाइल हातात असलेली बाई शोधायची. बस. एकमेकींना फोन करायचा नाही, नंबर द्यायचे नाहीत. सुरुवातीला सोबत मागणाऱ्या एका बाईच्या नवऱ्याने आमच्या दोघीजणींना फोन करकरून छळलं होतं, त्यातून हा नियम आला. आणि सगळ्यांत खाली एक ओळ — बाकी : इतके. ती ओळ दुपारी दोनच्या आत शून्य करायची. हे मी कंपनीतून आणलं. आमच्याकडे दोनला शिफ्ट बदलते. पुढच्या शिफ्टच्या माणसाच्या हातात आपलं उरलेलं काम द्यायचं म्हणजे लाज.

मोहिते भाऊ म्हणून आमचे एक सभासद आहेत, कंपनीची बस चालवतात. त्यांची बायको सोबत करायला जाते, हे गटाचं बारीकसारीक बघतात. ते म्हणायचे, "मॅडम, यमाकडं पण तुमचा बोर्ड असता ना, तर एक माणूस उशिरा मेला नसता." मला ते आवडायचं. का आवडू नये? बोर्ड माझा होता, आणि तो चालत होता.

तुम्ही आता म्हणाल, एवढं केलं आहे तर एखादी चूक होणारच. माझं ऐकायच्या आधीच समजूत काढू नका. ज्या ज्या वेळी मी हे कुणाला सांगायला गेले त्या त्या वेळी समोरच्याच्या तोंडावर ती समजूत आधीच तयार दिसली, म्हणून मी सांगितलं नाही — असंही म्हणता येईल. पण तेही खोटं. मी सांगायला गेलेच नाही कधी.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. सोमवारी बोर्डावर एक नाव आलं. रेखा जोगदंड, चिखली. मुलगी चौदा वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही. कर्णबधिर मुलींच्या निवासी शाळेत तिला नववीला जागा मिळत होती, पण अर्जाला दिव्यांगाचा दाखला जोडायचा होता. सरकारी रुग्णालयात तपासणीचा वार बुधवार. अर्जाची मुदत त्या शनिवारी संपत होती. म्हणजे हाच एक बुधवार. रेखाबाईला लिहिता-वाचता जेमतेम येत होतं. गटावरचे संदेश मुलगीच वाचायची आणि खाणाखुणांनी आईला सांगायची. उत्तर द्यायचं तर आई आवाजी निरोप पाठवायची. सरळ काम होतं. एक सकाळ, एक बाई, एक पिवळी फाइल.

मंगळवारी सकाळपर्यंत कुणी मिळालं नव्हतं. तसं व्हायचं कधीकधी. महिनाअखेर होती, बायकांनाही ओव्हरटाइम होता.

त्याच मंगळवारी दुपारी चार गटांच्या बायका आमचा बोर्ड बघायला आल्या होत्या. निगडी, मोशी, तळेगाव, चिखली. त्यांनाही असंच काम सुरू करायचं होतं. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी रजा टाकून पडद्यावर बोर्ड लावला होता, सगळ्यांना चहा झाला होता, आणि मी त्यांना दोनचा नियम समजावून सांगत होते. भिंतीवरच्या घड्याळात दोनला पाच कमी. पडद्यावर, हाताएवढ्या अक्षरांत — बाकी : एक.

निगडीच्या बाईंनी विचारलं, "आणि नाहीच कुणी मिळालं तर?"

मी म्हटलं, "असं होत नाही." आणि फोन हातात घेऊन जोगदंड या नावापुढे हिरवी खूण केली. पडद्यावर एकाचं शून्य झालं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी कुणालातरी शोधू, असं तेव्हा मनात होतं. मग विसरले — असं लिहायला मला आवडलं असतं. नाही विसरले. साडेपाचला मेथी निवडताना लख्ख आठवलं. पण शोधायचं म्हणजे गटावर पुन्हा विचारायला हवं, विचारायचं म्हणजे खूण काढायला हवी, आणि त्या चौघींना मी दुपारीच गटात घेतलं होतं. त्यांनी बघितलं असतं. मग? मग काय झालं असतं? एक बाई हसली असती. एवढंच.

आणि मी स्वतः? माझ्या अकरा रजा शिल्लक होत्या. तो आकडाही मला पाठ होता. मी मेथी निवडून झाल्यावर ती धुतली आणि कुकर लावला.

मला वाटलं होतं, कुणी दिसलं नाही तर ती बाई एकटीच आत जाईल. लोक जातातच की. हा विचार मी किती सहज केला! जिला एकटीला आत जायची भीती वाटते तिच्यासाठीच तर गट काढला होता.

बुधवारी दुपारी सव्वा वाजता तिचा आवाजी निरोप आला. मी कँटीनमध्ये होते. कानाला लावून ऐकला. "ताई, कुनीच आलं न्हाई. आमी आठपासून गेटवरच हावत. पिवळी फाइल घेतलेल्या दोघी-तिघी गेल्या, त्यांना इचारलं, त्या तुमच्या न्हाईत म्हनल्या. आता खिडकी बंद झाली म्हनत्यात."

सरकारी रुग्णालयात पिवळ्या फायली किती असतात, याचा मी नियम करताना विचार केला नव्हता. पाच तास त्या मायलेकी प्रत्येक पिवळ्या फाइलीकडे बघत राहिल्या. आत गेल्या नाहीत, कारण गेट सोडलं आणि तेवढ्यात आमची बाई आली तर? फोन केला नाही, कारण फोन करायचा नाही असा नियम. गटावर निरोपही खिडकी बंद झाल्यावरच टाकला, कारण हिरवी खूण म्हणजे बाई येणारच. माझ्या सगळ्या नियमांतला एकही त्यांनी मोडला नाही. मोडला असता तर कदाचित दाखला मिळाला असता.

इथपर्यंत तुम्ही मला माफ कराल. मला माहीत आहे, कारण इथपर्यंत मीही स्वतःला केलं असतं. खरं सांगायचं ते पुढे आहे.

तो निरोप तिने गटावर टाकला होता. चारशे जणांसमोर. त्या चौघींसमोर. दुसऱ्या मिनिटाला मोहिते भाऊंनी विचारलं, "मॅडम, आज कोण होतं सोबतीला?" साधा प्रश्न होता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि लिहिलं — शब्द अजून पाठ आहेत — "आपल्या भगिनी आठ ते नऊ गेटवर थांबून परत आल्या. जोगदंड यांनी वेळ पाळली नाही. कृपया सर्वांनी दुसऱ्याच्या वेळेची किंमत ठेवावी."

अशी कोणी भगिनी नव्हती. मी एक बाई बनवली, तिला तासभर उन्हात उभं केलं, आणि तिच्या वतीने रागावले.

पुढे जे झालं ते मी न सांगताच झालं, गट असेच चालतात. कुणी लिहिलं, फुकट मिळतं ना म्हणून किंमत नसते. कुणी हात जोडलेलं चित्र टाकलं. मोहिते भाऊंनी लिहिलं, "अशांमुळं खऱ्या गरजूंचं नुकसान होतं, राव." रेखाबाईचा आणखी एक निरोप आला, नऊ-दहा सेकंदांचा. "आमी आलतो, ताई. लेकराची आन घेऊन सांगते, आलतो." मी तो ऐकला आणि काढून टाकला. गट चालवणाऱ्याला दुसऱ्याचा निरोपही काढता येतो. मग पहिलाही काढला. संध्याकाळपर्यंत ती गटातून निघून गेली होती.

अजून एक आहे. त्याच आठवड्यात मी नवीन यादी सुरू केली — न आलेल्यांची. ज्या बायका सोबत मागतात आणि येत नाहीत त्यांची नावं, म्हणजे पुढच्या वेळी आपली माणसं फुकट धाडायची नाहीत. पहिलं नाव रेखा जोगदंड, चिखली. पुढे कारण : वेळ पाळली नाही. ही यादी मी का केली असेन? खोटं एकटं उभं राहत नाही, त्याला रांग लागते. एका नावाखाली आणखी नावं आली की पहिलं नाव खरं वाटायला लागतं. आली नावं. त्यातली बरीचशी खरीही होती.

त्या चौघींना माझ्या सगळ्या कामातली हीच कल्पना सर्वांत जास्त आवडली. त्यांनी ती यादी आपापल्या गटांवर नेली. असं पाच गटांवर एका बाईचं नाव लागलं. वर्षभराने चिखलीच्या गटावर तिने दोनदा सोबत मागितली होती, असं त्यांच्या बाईंनी मला मोठ्या खुशीत सांगितलं. "तुमच्या यादीत नाव निघालं, म्हणून वाचलो बघा." मी म्हटलं, "बरं झालं."

बरं झालं. मी हे शब्द म्हटले.

आणि पाच वर्षं मी ती यादी दर महिन्याला नीट लावत राहिले. क्रमांक एक. दर महिन्याला दिसायचा. सवय होते का? होते. ज्यांना वाटतं की असं काही केल्यावर झोप लागत नाही, त्यांना सांगते — लागते.

मागच्या महिन्यात गटावर एक संदेश आला. अनोळखी नंबर. "माझे नाव पूजा जोगदंड, चिखली. मला ऐकू येत नाही. वय १९. आयटीआयच्या प्रवेशासाठी दाखला पाहिजे. बुधवारी सोबत हवी. आई येणार आहे पण आईला फॉर्म जमत नाही."

मोहिते भाऊंचा लगेच मला वेगळा निरोप — "मॅडम, जोगदंड, चिखली. आपल्या न आलेल्यांत एक नंबरला आहे. नाही म्हणून टाकू?"

मी लिहिलं, मी जाते.

उत्तर आलं, "तुम्ही? बोर्डाला पाय फुटले म्हणायचे."

त्यांनी गमतीने लिहिलं होतं. पण बरोबर लिहिलं होतं. सात वर्षांत मी सोबतीला एकदाही गेले नव्हते. एकदाही. मी फक्त कोण जाणार ते लिहीत होते.

बुधवारी पावणेआठला मी गेटवर होते, पिवळी फाइल छातीशी धरून. त्या माझ्या आधी आल्या होत्या. रेखाबाई माझ्याच वयाची निघाली. का कोण जाणे, मी तिला लहान धरलं होतं. पूजा उंच, केस घट्ट बांधलेले, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत क्रमाने लावलेले. आधार, रेशन कार्ड, फोटो, जुने कानाचे रिपोर्ट. पिशवीवर आत काय आहे त्याची यादी चिकटवलेली. ती यादी बघून मला पहिल्यांदा खाली बघावं लागलं.

काम व्हायला चार तास लागले. त्यात रांगेच्या बाकावर बसलेलो असताना रेखाबाई बोलायला लागली. मला ती ओळखत नव्हती. तिने मला कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या लेखी मी गटाने पाठवलेली एक चांगली बाई.

"मागं बी आलतो हितं," ती म्हणाली. "पाच वर्सं झाली. तवा तुमची कोन बाई आली न्हाई. आन वरून गटावर लिवलं, आमीच आलो न्हाई म्हून. हिनं वाचून दावलं मला."

मी विचारलं, मग शाळेचं काय झालं? जणू मला माहीत नव्हतं.

"शाळेचं काय व्हनार? जागा गेली. दुसऱ्या वर्सी म्हनले, वय बसत न्हाई. घरीच ऱ्हायली की दोन वर्सं. मग हितलीच रात्रशाळा केली, बाहेरून धा झाली. हुशार हाय ती." मग पदर सारखा करत म्हणाली, "शाळा गेली ती गेली. त्याचं न्हाई एवढं. पन तुमच्या त्या ॲडमिन बाई हायेत ना, त्या भेटल्या तर सांगा त्यांना. भांडन न्हाई आमचं. फकस्त सांगा, आमी आलतो म्हनावं."

मी म्हटलं, "सांगते."

माझ्या तोंडून एवढंच निघालं. बाकावर तिच्यात आणि माझ्यात एक पिशवी होती, दुसरं काही नव्हतं. सांगायला याहून सोपी जागा मिळणार नव्हती. पाच वर्षांपूर्वी चार परक्या बायकांची लाज वाटली होती. या वेळी तर समोर एकच बाई होती, आणि तिचं भांडणसुद्धा नव्हतं. तरीही मी म्हटलं, सांगते.

पूजा समोर उभी होती. आईचे ओठ बघत होती, मग माझे. तिने खिशातून फोन काढला, काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे धरला. "ॲडमिन तुम्हीच ना? फोटो बघितला आहे."

मी मान हलवली. हो.

तिने फोन परत खिशात घातला. आईला काही खूण केली नाही. नंबर पुकारला गेला तो तिला ऐकू येणार नव्हता, म्हणून मी उठले, आणि आम्ही तिघी आत गेलो. दाखल्याचं काम झालं. तिने आईला का सांगितलं नाही, ते मी विचारलं नाही. तो विचारायचा हक्क माझा नाही.

आता तुम्ही म्हणाल, शेवटी गेलीस ना. गेले. ते या खात्यात धरू नका. चौदा वर्षांच्या मुलीची शाळा एकोणिसाव्या वर्षी सोबतीला जाऊन परत मिळत नाही. आणि मला कुणी असंही सांगू नये की बोर्ड, याद्या, नियम हेच वाईट. ते वाईट नाहीत. आज दुपारी दोनलाही बोर्ड शून्यावर आला, सगळ्या खुणा खऱ्या होत्या, आणि उद्याचा मी आत्ताच लावून ठेवला आहे. यादी खोटं बोलत नाही. मी बोलले. गट दुसऱ्या कुणाकडे द्यायचा असेल तर सभासदांनी द्यावा, कागद सगळे तयार आहेत. मी राजीनाम्याचं नाटक करणार नाही आणि रडणारही नाही.

रेखाबाईंनी निरोप दिला होता, ॲडमिनबाईंना सांगा. तो मला पोचला. हे वाचकांसाठी लिहून झालं की खालची नोंद पाचही गटांवर माझ्या नावाने जाईल, जिथे जिथे ती यादी गेली तिथे तिथे. पूजाच्या नंबरवरही जाईल. आईला दाखवायची की नाही, ते तिचं तिने ठरवावं.

न आलेल्यांची यादी. दुरुस्ती.

क्रमांक एक : रेखा जोगदंड, चिखली, सोबत मुलगी पूजा. आल्या होत्या. सकाळी आठ ते दुपारी सव्वा, गेटवर.

सोबत पाठवली नव्हती.

न आलेली : मी.